इनुक्टिटुट, क्री, चेरोकी मजकूर परत परत बिघडतोय? आधी आतला कोड बघा

आमच्याकडे जुने कागद डिजिटल करून डेटाबेसमध्ये भरायचं काम चालतं आणि त्यात कॅनडातल्या फाइल्स बऱ्याच असतात, इनुक्टिटुट (इनुइट लोकांची) आणि क्री या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांमधल्या. त्यावर येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या आहेत. काल दिसत होतं आज चौकोन दिसतायत, किंवा सगळीकडे तिरक्या मात्रेचा इंग्रजी ए आलाय, किंवा एकदम व्यवस्थित दिसतंय पण सर्च केलं की सापडतच नाही. ऐकायला हे सगळं एकच वाटतं, "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे" असं म्हणून लोक मोकळे होतात आणि फॉन्ट बदलत बसतात, पण कारणं वेगवेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर शाबूत असलेला मजकूर पण जातो. इनुइट लोकांच्या कागदांमध्ये माणसांची, गावांची नावं असतात, म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी असतात, त्यामुळे हे नीटच व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

लिपीबद्दल थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॅनडातली ही अक्षरं मिशनरी जेम्स इव्हान्सने १८४० मध्ये मॅनिटोबातल्या नॉर्वे हाऊसला छापायला सुरुवात केली असं नोंदींमध्ये आहे, क्री लोकांच्या परंपरेत मात्र ही लिपी कॉलिंग बॅजर नावाच्या त्यांच्या माणसाला मिळाली असं सांगतात. अभ्यासकांना हिच्यात पिटमनचा शॉर्टहँड आणि चक्क आपली देवनागरी, दोन्हींचा हात दिसतो. पण काम करायची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे, आपण व्यंजनाला मात्रा लावतो, इथे आकार तोच ठेवून फिरवतात. नुसत्या स्वरांसाठी त्रिकोण आहे, टोक वर असलं तर इ, उजवीकडे असलं तर उ, डावीकडे असलं तर अ. इनुक्टिटुटमध्ये शेवटी नुसतं व्यंजन असेल तर तेच अक्षर छोटं करून वर काढतात. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकेक कोड देणाऱ्या प्रमाणात, या सगळ्याला १४०० ते १६७एफ अशी जागा (ब्लॉक) आहे (हे कोड सोळाच्या पायात मोजतात, म्हणून आकड्यांत ए ते एफ ही अक्षरं येतात), ती १९९९ च्या सप्टेंबरमध्ये ३.० आवृत्तीत आली. नुनावुट हा कॅनडातला इनुइट लोकांचा प्रदेश त्याच वर्षी १ एप्रिलला अस्तित्वात आला, म्हणजे तिथलं सरकार सुरू झालं तेव्हा त्यांच्या लिपीला युनिकोडमध्ये जागाच नव्हती! अर्ध्या भानगडीचं मूळ इथेच आहे.

आता पहिला प्रश्न: तुम्हाला नक्की काय दिसतंय?

रिकामे चौकोन दिसत असतील तर खूश व्हा, कारण मजकूर आत जिवंत आहे, फक्त मशीनवर फॉन्ट नाही. विंडोज ८ पासून गडुगी नावाचा फॉन्ट येतो, त्यात कॅनडाची अक्षरं पण आहेत आणि चेरोकी पण. त्याआधीच्या विंडोजवर, व्हिस्टापासून, युफेमिया असतो. बाकी कुठेही नोटो सॅन्स कॅनेडियन ॲबोरिजिनल टाकला की काम होतं. वेबसाइटवर कुणी फॉन्ट हलका करायला म्हणून इंग्रजीपुरता कापून ठेवला असेल तर तिथेही हेच होतं, फॉन्टची यादी बघा. बास, चौकोनांवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

काळ्या चौकटीत पांढरं प्रश्नचिन्ह दिसलं तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला बाइट कळले नाहीत, मूळ फाइल बहुतेक ठीक असते, एन्कोडिंग (बाइटवरून अक्षर ओळखायची पद्धत) बदलून परत उघडा. पण साधी प्रश्नचिन्हं, एकामागून एक, शब्दाच्या लांबीएवढी, अशी दिसली तर मजकूर गेलेला आहे. कुणीतरी फाइल एएनएसआयमध्ये (विंडोजची जुनी, मोजक्याच अक्षरांची एन्कोडिंग) सेव्ह केली किंवा एक्सेलमधून साध्या सीएसव्हीमध्ये काढली, आणि ज्या अक्षराला तिथे जागा नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह बसलं. ते कुठल्याही टूलने परत येत नाही, येतं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, सरळ आधीची प्रत मागा.

यापुढे प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट लागणार आहे ती म्हणजे अक्षराचा कोड बघणं. वर्डमध्ये अक्षराच्या लगेच मागे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, अक्षराच्या जागी कोड येतो, परत दाबलं की अक्षर. पायथन येत असेल तर युनिकोडडेटा मॉड्यूल नावासकट सांगतं. नीट असलेला "इनुक्टिटुट" हा शब्द असा निघतो: १४०३, १४सी४, १४८३, १४४ई, १४५०, १४६६. सहा अक्षरं, सहा कोड. तुमच्याकडे यापेक्षा वेगळं काही आलं तर पुढचं वाचा.

तिरक्या मात्रेचा ए आणि वाकडी अवतरणं

हा प्रकार मराठीवाल्यांना चांगला माहितीये, आपला मजकूर बिघडला की उलट्या तिरक्या मात्रेचा ए आणि त्यामागे काहीतरी, असं ओळीच्या ओळी दिसतं. यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडचे कोड बाइटमध्ये साठवायची पद्धत, तिच्यात या अक्षरांना प्रत्येकी तीन बाइटचा गट लागतो, आणि देवनागरीचा प्रत्येक गट ई० ने सुरू होतो म्हणून तसं. कॅनडाच्या अक्षरांचा ई१ ने सुरू होतो म्हणून मात्रा दुसऱ्या बाजूला झुकलेली दिसते, आणि दुसरा बाइट ९१, ९२, ९३ असा असल्यामुळे मागे वाकडी अवतरणचिन्हं येतात. म्हणजे यूटीएफ-८ मजकूर कुणीतरी विंडोज-१२५२ (विंडोजची जुनी, एका बाइटला एक अक्षर अशी एन्कोडिंग) समजून वाचलाय. नव्वद टक्के वेळा गुन्हेगार एकच, एक्सेलमध्ये सीएसव्हीवर डबल क्लिक. डबल क्लिक करायचंच नाही, डेटा टॅबमधून फाइल आत घ्यायची आणि एन्कोडिंगच्या यादीत ६५००१ निवडायचं.

बिघडलेलं सेव्ह झालंच असेल तर उलटं फिरवता येतं, बाइट १२५२ मध्ये लिहायचे आणि यूटीएफ-८ म्हणून वाचायचे, हे सगळ्यांना माहिती असतं. पण या लिपीत ते मध्येच फसतं आणि का फसतं हे कुठे सांगितलेलं सापडत नाही म्हणून इथे लिहितो. १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आणि १४०० ते १४३एफ मधल्या सगळ्या अक्षरांचा दुसरा बाइट नेमका ९० आहे! म्हणजे तिन्ही नुसते स्वर आणि पि-पु-प ही सगळी ओळ. हा ९० काही प्रोग्रॅम अदृश्य कंट्रोल कॅरेक्टर म्हणून ठेवतात, काही टाकून देतात, आणि ठेवला तरी पुढे कुणी कॉपी-पेस्ट केलं किंवा "विचित्र कॅरेक्टर काढा" असली स्क्रिप्ट चालवली की जातो. मग उलटं फिरवल्यावर बाकी शब्द येतो आणि स्वरांच्या जागी खड्डे पडतात.

यावर उपाय आहे. ई१ नंतर फक्त एकच बाइट उरलाय आणि तो ९० ते ९९ च्या बाहेरचा आहे असं दिसलं तर मधला ९० गेलाय असं धरून परत घाला. उदाहरण बघा, इ चे बाइट ई१ ९० ८३, त्यातला ९० गेला की मात्रेच्या ए मागे मुरडलेला एफ उरतो, उ असेल तर तीन टिंबांचं चिन्ह उरतं आणि अ असेल तर टोपीवाला एस. तीन टिंबांची विशेष काळजी घ्या कारण कुणी टायपोग्राफी साफ करताना त्या एका चिन्हाचे तीन सुटे पूर्णविराम केले असतील तर तेही आधी परत जोडावे लागतात. उरलेला बाइट ९० ते ९९ च्या आतलाच असेल तर मात्र अंदाजाने काही घालू नका, तो शब्द माणसाने बघायचा.

क्रीमध्ये अजून एक सापळा आहे. पश्चिमेकडच्या क्रीमध्ये शब्दाच्या शेवटी येणारा क् म्हणजे १४२०, त्याचा शेवटचा बाइट ए०, आणि ए० म्हणजे १२५२ मधली न तुटणारी स्पेस. डेटाबेसवाले ओळीच्या कडेच्या स्पेस कापतात, तर तो बाइट गायब. सजीव नामांचं अनेकवचन या भाषेत "-अक" ने होतं, त्यामुळे शब्दाशेवटी हे अक्षर सारखं येतं आणि सारखं कापलं जातं. म्हणून दुरुस्ती आधी, ट्रिम नंतर.

फॉन्टवर चढवलेला मजकूर

कोड बघितला आणि साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे निघाले तर हा तो प्रकार. आपल्याकडे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांनी जे केलं तेच तिकडे नुनाकॉम, प्रोसिल, आयपायनुनाविक असल्या फॉन्टनी केलं. आत इंग्रजी कीबोर्डचेच कोड, वर चित्र फक्त बदललेलं. "इनुक्टिटुट" हा शब्द नुनाकॉममध्ये छोटा डब्ल्यू, छोटा के, ४, छोटा टी, छोटा जी, ५ असा साठवलेला असतो. फॉन्ट नसला की तेच दिसतं, आणि नवीन माणसाला वाटतं कुणीतरी पासवर्ड लिहून ठेवलाय. शब्दांच्या शेवटी ४, ५, ६ हे आकडे परत परत दिसले की नुनाकॉमच्या कीबोर्डचा संशय घ्या, ४ म्हणजे अंत्य क्, ५ म्हणजे अंत्य ट्, ६ म्हणजे अंत्य घशातला क्.

इथे दोन गोष्टींनी वाट लागते. एक म्हणजे कॅपिटल-स्मॉल. छोटा डब्ल्यू इ आहे आणि मोठा डब्ल्यू पि आहे, छोटा के नु आहे आणि मोठा के वु आहे. वर्डने वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल केलं की इ चा पि झाला, आणि सर्चसाठी सगळं लोअरकेस करून ठेवलं की नुनावुटचं भलतंच काहीतरी झालं. त्यामुळे असल्या फाइल्स उघडायच्या आधी ऑटोकरेक्ट बंद करा, आणि केस बदलणाऱ्या कुठल्याही स्टेपच्या आधी कन्व्हर्जन उरकून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच फाइलीत इंग्रजी आणि इनुक्टिटुट दोन्ही असतं, सरकारी कागद तर असेच असतात. आख्खी फाइल कन्व्हर्टरमधून काढली की इंग्रजी परिच्छेदांची पण त्रिकोण-चौकोनांची रांगोळी होते. म्हणून प्लेन टेक्स्ट करून मग बदलू असा विचार अजिबात करू नका, प्लेन टेक्स्ट झालं की कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये होता ही एकुलती एक खूण पुसली जाते. डॉक फाइल तशीच ठेवा, आतल्या प्रत्येक तुकड्याच्या फॉन्टचं नाव वाचा आणि नावाप्रमाणे तेवढाच तुकडा बदला. फॉन्ट मशीनवर नसला तरी वर्ड त्याचं नाव जपून ठेवतं, ते कामाला येतं. आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असू शकतो, एकाचा दुसऱ्याला लावून "जवळपास बरोबर" आलं म्हणून पुढे जाऊ नका. जुन्या पीडीएफमध्येही हेच, डोळ्यांना सुंदर दिसतं कारण फॉन्ट आत बसवलेला आहे, कॉपी केलं की डब्ल्यू-के-४ बाहेर येतं. तिथे पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची नावं बघायची.

दिसतं बरोबर, सापडत नाही

माझ्या मते सगळ्यात वाईट प्रकार हा, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही. नुनावुटची राजधानी इकालुइट घ्या. त्यातलं का, म्हणजे घशातून येणारा क अधिक अ, याला स्वतःचा कोड आहे १५८३. पण त्या अक्षराचा आकार बघितला तर आधी छोटा वर काढलेला र् आणि त्याला चिकटून साधा क असाच आहे. म्हणून अनेकजण १५५० आणि १४७२ अशी दोन अक्षरं टाइप करतात आणि स्क्रीनवर फरक दिसत नाही, छापून काढलं तरी दिसत नाही. डेटाबेसमध्ये मात्र दोन इकालुइट तयार होतात. असंच कि साठी १५७एफ ऐवजी १५५० आणि १४६डी, कु साठी १५८१ ऐवजी १५५० आणि १४६एफ, अंत्याला १५८५ ऐवजी १५५० आणि १४८३. नाकातल्या ङ च्या ओळीत पण तेच, १५८एफ च्या जागी १४डी० आणि १४८बी.

इथे सगळे पहिली गोळी झाडतात ती नॉर्मलायझेशनची, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या कोडांनी लिहिलं असेल तर ते एकसारखं करायची, त्यातला एनएफसी हा प्रकार लावा म्हणतात. काही होत नाही! देवनागरीत नुक्त्याच्या अक्षरांना युनिकोडने तुकडे ठरवून दिलेत म्हणून तिथे ते चालतं, या ब्लॉकमधल्या अक्षरांना असे तुकडे दिलेलेच नाहीत. एनएफसीच्या दृष्टीने १५८३ आणि ती जोडी यांचा एकमेकांशी संबंध नाही. दीर्घ स्वराचं पण तसंच, डोक्यावर टिंब असलेली दीर्घ ई म्हणजे १४०४, कुणी १४०३ वर वेगळं जोडटिंब ठेवलं तर दिसायला जवळजवळ तेच पण जुळणार कधीच नाही. क्रीमध्ये व चं टिंब असतं, तिथे एकच अक्षर १४०डी किंवा १४०१ पुढे सुटं टिंब १४२७, दोन्ही प्रकार फाइल्समध्ये सर्रास सापडतात.

म्हणजे तक्ता स्वतः बनवावा लागतो. बनवताना लांब जोड्या आधी आणि छोट्या नंतर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदल फक्त सर्चच्या इंडेक्समध्ये करायचा, मूळ कॉलमला हात लावायचा नाही. कारण काही जोड्या एखाद्या बोलीत खऱ्याही असू शकतात, ते भाषा बोलणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि विचारायला लाजू नका, ती माणसं आनंदाने सांगतात.

आणि काही फरक हे चूक नसतात हे पण लक्षात ठेवा. नुनावुटमध्ये ऐ हा अ आणि इ अशा दोन अक्षरांनी लिहितात, शेजारच्या क्विबेकमधल्या नुनाविकमध्ये त्यासाठी टोक खाली असलेला एकच त्रिकोण आहे, १४०१. १९७६ मध्ये इनुइट कल्चरल इन्स्टिट्यूटने लिपी प्रमाण केली तेव्हा ही आख्खी रांग काढली, टाइपरायटरच्या अक्षरं कोरलेल्या गोळ्यावर मावत नव्हती असं सांगतात, पण नुनाविकने ती ठेवली. तसंच पूर्वेकडचे क्री लोक व चं टिंब अक्षराच्या आधी देतात, पश्चिमेकडचे नंतर, आणि दोन्हींना वेगळे कोड आहेत. सर्चमध्ये दोन्ही सापडू द्या, पण एकाचं लिखाण दुसऱ्याच्या पद्धतीत बदलून "स्वच्छ डेटा" म्हणून देऊ नका, तो त्यांचा हक्क आहे.

क्रीत दिसायला सारखी सुटी चिन्हं पण खूप आहेत. छोटा एक्स दिसतो तो ह्क् चा १५७डी आहे का लिपीचा स्वतःचा पूर्णविराम १६६ई, हे आकारावरून सांगता येत नाही, दोन्ही छोट्या फुलीसारखे. शब्दाच्या शेवटी पूर्णविराम आणि लगेच पुढे वाक्य चालू असेल तर शंका घ्या. छोटी उभी रेघ म्हणून साधी ॲपॉस्ट्रॉफी, अधिकच्या चिन्हासारख्या अंत्यासाठी कीबोर्डवरचं अधिक, व च्या गोळ्यासाठी डिग्रीचं चिन्ह, हे सगळं सापडतं.

एका नावावर मजकूर तुटतो

हा नवीन प्रॉब्लेम आहे. कुगारुक, ज्योआ हेवन, टालोयोआक या गावांकडे नट्टिलिक बोली आहे, तिच्यातल्या काही उच्चारांना युनिकोडमध्ये अक्षरंच नव्हती, ती २०२१ मध्ये १४.० आवृत्तीत आली. पण जुन्या ब्लॉकमध्ये जागा भरल्यामुळे ती गेली ११एबी० पासून पुढे, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये तीनऐवजी चार बाइट. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जुना "यूटीएफ-८" तीन बाइटच घेतो. सेटिंग कडक असेल तर एरर येतो आणि कळतं तरी, ढिलं असेल तर त्या अक्षरापासून पुढचा सगळा मजकूर कापून गपचूप सेव्ह करतो. बाकी सगळ्या गावांची नावं व्यवस्थित आणि याच लोकांची अर्धी, असं दिसलं की हेच.

टेबल यूटीएफ-८-एमबी-४ वर न्या, कनेक्शनचं सेटिंग पण बदला, ते विसरतात. आणि कोलेशन (अक्षरांची तुलना करायचे नियम) बघा, जुन्या "जनरल" कोलेशनमध्ये चार बाइटची सगळी अक्षरं एकसारखी धरली जातात, त्यामुळे वेगळी नावं सारखी समजून युनिक की बोंब मारते. मायएसक्यूएल ८ मधलं ०९०० वालं कोलेशन घेतलं की हा त्रास जातो. जावास्क्रिप्टमध्ये हे एक अक्षर लांबीत दोन मोजलं जातं, फॉर्मवर अक्षरांची मर्यादा असेल तर तेही तपासा. फॉन्टही नवा लागेल, जुन्या युफेमियात ही अक्षरं नाहीत.

चेरोकी

ही वेगळी लिपी, सिक्वोयाने १८२१ च्या सुमारास पूर्ण केलेली, अमेरिकेतली. हिचा त्रास मुख्यतः एकच आहे. युनिकोडमध्ये १९९९ ला ८५ अक्षरं आली तेव्हा कॅपिटल-स्मॉल भेद नव्हता, २०१५ मध्ये ८.० आवृत्तीत छोटी अक्षरं आली आणि जुनी सगळी कॅपिटल ठरली. आता तुमच्या कोडने युजरनेम लोअरकेस केलं की १३ए० चं एबी७० होतं, आणि २०१५ च्या आधीच्या फॉन्टमध्ये तिथे काही नाही, म्हणून चौकोन. साठवताना चेरोकी लोअरकेस करू नका. तुलना करायची असेल तर केसफोल्ड (तुलनेपुरता कॅपिटल-स्मॉल भेद मिटवणं) वापरा, बाकी लिप्यांमध्ये फोल्ड छोट्याकडे जातो पण चेरोकीत मुद्दाम मोठ्याकडे जातो, म्हणजे आधीचा साठवलेला डेटा जसाच्या तसा जुळतो.

नवीन फाइल मागवताना मी आता समोरच्याला चारच गोष्टी विचारतो: मूळ डॉक आहे का, ती कुठल्या फॉन्टमध्ये टाइप केली, कुठल्या गावची बोली आहे, आणि मध्ये कुणी एक्सेलमधून काढलीये का. तपासणीला एक ओळीचा नमुना मागतो, त्यात तिन्ही स्वर, एक दीर्घ स्वर, घशातला क आणि शेवटी अंत्य व्यंजन एवढं असावं, आणि त्याच ओळीचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत. कोड काढून फोटोशी ताडून बघितलं की वरच्यापैकी काय झालंय ते पाच मिनिटांत कळतं. तुमच्याकडे यात न बसणारं काही आलं असेल तर स्क्रीनशॉट टाकू नका, कोड टाका.